रिकाम्या पिकअपची मागची चाके ब्रेक लावताच जाम होतात

ओतूर_ते_वाशी :

नमस्कार. माझ्याकडे दीड टन माल वाहणारी पिकअप असून गेली सहा वर्षे मी जुन्नर तालुक्यातून माळशेज घाटमार्गे वाशीच्या बाजारात टोमॅटो आणि कांदा पोहोचवतो. पुढे डिस्क ब्रेक आहेत, मागे ड्रम आहेत आणि एबीएस (चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही. जाताना भरलेल्या गाडीला ब्रेक व्यवस्थित लागतात. मात्र माल उतरवून रिकामे परतताना, विशेषतः रस्ता ओला असला की, पेडल थोडे जोरात दाबताच मागची दोन्ही चाके जाम होतात आणि गाडी मागून डावीकडे फेकली जाते. मागच्या आठवड्यात मुरबाडच्या पुढे एक दुचाकी अचानक आडवी आली, तेव्हा माझी गाडी रस्त्यावर जवळजवळ आडवी झाली. कोणाला इजा झाली नाही, पण तेव्हापासून मला रिकामी गाडी चालवण्याची भीती वाटते.

मागचे लायनर (ड्रमला घासून ब्रेक लावणारे अस्तर) नवीन टाकले, ड्रमना लेथवर टर्निंग करून घेतले, ब्रेक ऑइल बदलले, तरी फरक पडला नाही. आता गॅरेजमध्ये सांगतात की मागचे ब्रेक ॲडजस्टरवर थोडे ढिले करून ठेवा. हा उपाय योग्य आहे का?

घाटमाथा_गॅरेज :

दादा, कृपया मागचे ब्रेक ढिले करू नका. ॲडजस्टर मागे फिरवल्याने शू (लायनर बसवलेले ब्रेकचे अर्धगोल भाग) आणि ड्रम यांतील अंतर वाढते, त्यामुळे पेडल खोल जाते आणि हँडब्रेक निकामी होतो. पण शू एकदा ड्रमला टेकल्यावर मागे जाणारा ऑइलचा दाब तेवढाच राहतो. म्हणजे चाक जाम व्हायचे ते होणारच, आणि माळशेज उतरताना भरलेल्या गाडीचे पेडल मात्र तुम्हाला खाली गेलेले सापडेल.

प्रथम एक गोष्ट वेगळी काढू या. ब्रेक लावल्यावर चाक जाम होणे आणि पेडल सोडल्यावरही ब्रेक चिकटून राहणे हे दोन निराळे दोष आहेत. सपाट जागेवर पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा, हँडब्रेक सोडा, मागचा एक्सल जॅकवर घेऊन स्टँडवर ठेवा आणि पेडल दोन-तीनदा दाबून सोडल्यावर चाके हाताने फिरवून पाहा. चाक घट्ट वाटल्यास व्हील सिलिंडरचे (चाकात शू ढकलणाऱ्या सिलिंडरचे) निपल, म्हणजे हवा काढायचा स्क्रू, किंचित उघडा. ऑइल दाबाने उडून चाक मोकळे झाले, तर ऑइलचा दाब मागे अडकून राहतो आहे. मग एक्सलकडे जाणारा रबरी होज आतून फुगला आहे का आणि मास्टर सिलिंडरच्या (पेडल दाबल्यावर ऑइलला दाब देणाऱ्या सिलिंडरच्या) दांडीला पेडल सुटल्यावर थोडी रिकामी चाल राहते का, हे पाहावे लागेल. निपल उघडूनही चाक घट्टच राहिले, तर दोष हँडब्रेकची केबल, रिटर्न स्प्रिंग किंवा ॲडजस्टरमध्ये आहे.

चाके मोकळी फिरत असतील, तर मला दोन गोष्टी सांगा. गेल्या वर्षभरात कमानीचे, म्हणजे एक्सलवरच्या पाट्यांच्या स्प्रिंगचे, काही काम केले आहे का? आणि मागच्या एक्सलपासून चेसीवरच्या (गाडीच्या सांगाड्यावरच्या) एका लहान व्हॉल्व्हकडे जाणारी दांडी किंवा स्प्रिंग तुमच्या गाडीत आहे का?

यंत्रशिक्षक :

वरच्या प्रतिसादातील शेवटचा प्रश्न अतिशय महत्त्वाचा आहे, म्हणून त्यामागचे कारण आकड्यांत मांडतो. हे आकडे तुमच्या गाडीचे नाहीत, केवळ उदाहरणादाखल घेतलेले आहेत.

समजा, रिकामी गाडी १७०० किलोची आहे आणि उभी असताना त्यातले १००० किलो पुढच्या चाकांवर, ७०० किलो मागच्या चाकांवर येतात. दोन्ही एक्सलमधील अंतर ३ मीटर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ०.७ मीटर उंच असेल, तर गुरुत्वीय त्वरणाच्या ०.६ पट इतका जोरदार ब्रेक लावताना सुमारे २४० किलोंचा भार मागून पुढे सरकतो. मागे उरतात जेमतेम ४६० किलो. तीच गाडी हौद्यात १५०० किलो माल घेऊन निघाली की, भार पुढे सरकूनही मागच्या चाकांवर सुमारे १४०० किलो राहतात. म्हणजे भरलेल्या गाडीला मागे जितका ब्रेक हवा, त्याचा तिसरा हिस्साच रिकाम्या गाडीची मागची चाके पेलू शकतात. पुढची चाके आधी जाम झाली तर गाडी वळत नाही, पण सरळ घसरते. मागची आधी जाम झाली तर ती फिरते, कारण जाम झालेल्या टायरला बाजूची पकड उरत नाही.

म्हणूनच बहुतेक पिकअपमध्ये भारानुसार मागचा दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो. त्याला हौद्याचे वजन कळत नाही. चेसी एक्सलपासून किती उंच आहे, एवढेच दांडीच्या चालीवरून कळते. कमान दबलेली असली की तो गाडी भरलेली समजून दाब पूर्ण सोडतो, आणि कमान उचललेली असली की दाब रोखतो. त्यामुळे कमानीला हात लावला की या व्हॉल्व्हचा हिशेबच बिघडतो.

ओतूर_ते_वाशी :

आपण दोघांनी इतके सविस्तर लिहिले, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. आज सकाळी गाडी उचलून पाहिली. दोन्ही चाके मोकळी फिरतात, म्हणजे ब्रेक चिकटत नाहीत.

कमानीचा प्रश्न वाचून मात्र सगळे आठवले. आठ महिन्यांपूर्वी कांद्याच्या हंगामात मी मागे दोन्ही बाजूंना एकेक जादा पाटा टाकून घेतला. त्यानंतर भरलेल्या गाडीला ब्रेक कमी वाटतात, अशी तक्रार मीच केली होती, आणि दुसऱ्या दिवशी गाडी मिळाली तेव्हा ब्रेक छान लागत होते. आज खाली झोपून पाहिले, तर व्हॉल्व्हची दांडी एक्सलपासून सोडवून तारेने वरच्या बाजूला बांधून ठेवलेली आहे. शिवाय डाव्या चाकाच्या ड्रममागच्या प्लेटवर काळपट ओल दिसते.

घाटमाथा_गॅरेज :

जादा पाट्याने चेसी उंचावली, व्हॉल्व्हने भरलेल्या गाडीलाही रिकामी समजून मागचा दाब रोखला, आणि तुमची तक्रार मिटवण्यासाठी कोणीतरी दांडी पूर्ण दाबाच्या जागी बांधून टाकली. तेव्हापासून रिकाम्या गाडीलाही भरलेल्या गाडीचा ब्रेक मिळतो आहे. असे काम मी यापूर्वीही पाहिले आहे आणि प्रत्येक वेळी मनापासून वाईट वाटते, कारण गाडी देणाऱ्याला कोणी काही सांगितलेले नसते.

माझा आग्रह आहे की जादा पाटे काढून टाका. पाट्याने कमान वजन पेलते, ब्रेकची क्षमता मात्र तसूभरही वाढत नाही. त्यानंतर दांडी एक्सलला जोडून, रिकामी गाडी सपाट जमिनीवर उभी असताना गाडीच्या सर्व्हिस पुस्तकात दिलेल्या मापाने बसवा. आठ महिने न हललेला व्हॉल्व्ह चिखलाने आतून अडकलेला असू शकतो, म्हणून एक दाबमापक पुढच्या आणि एक मागच्या लाइनवर लावून दोन्ही दाब पुस्तकाशी ताडून घ्या. दांडी हलवूनही मागचा दाब बदलत नसेल, तर व्हॉल्व्ह बदलावा. तो खोलून घासत बसू नये.

लेथ_आणि_लायनर :

डावीकडची ओल दुर्लक्षित करू नका. गाडी डावीकडेच का फेकली जाते, याचे कारण बहुधा तिथे आहे. प्लेटच्या खालच्या भागात जाड आणि उग्र वासाचे तेल असेल, तर ते मागच्या एक्सलच्या हाऊसिंगचे असून एक्सलचे ऑइल सील गेले आहे. वरच्या भागात पातळ ओल असेल, तर व्हील सिलिंडरचा रबरी कप गळतो आहे. तेल लागल्यावर ब्रेक कमीच होतो असा समज आहे, परंतु थोडेसे तेल शिरलेले लायनर गरम झाल्यावर चिकट होऊन ड्रम एकदम पकडते. असे लायनर पेट्रोलने धुऊन वा पॉलिश पेपरने घासून परत बसवू नका, कारण आत मुरलेले तेल पहिल्याच घाटात पुन्हा वर येते. गळती थांबवा आणि नवीन लायनर दोन्ही चाकांना एकाच वेळी टाका, अन्यथा गाडी एका बाजूला ओढत राहील.

ओतूर_ते_वाशी :

काम काल पूर्ण झाले. पाटे काढले, डावे ऑइल सील आणि दोन्ही बाजूंचे लायनर बदलले. व्हॉल्व्ह अडकलेलाच निघाला, म्हणून नवीन बसवून दांडी मापावर जोडली. आज पहाटे मोकळ्या आवारात पाणी टाकून, ताशी २० किलोमीटरच्या वेगाने रिकाम्या गाडीला जोरात ब्रेक लावून पाहिला, तेव्हा पुढची चाके आधी जाम झाली आणि गाडी सरळ थांबली. उद्या बारा क्रेट कमी भरून वाशीला निघतो आहे.

घाटमाथा_गॅरेज :

पहिले दोन-तीनशे किलोमीटर नवीन लायनर ड्रमवर पूर्ण बसलेले नसतील, तोवर घाटात खालचा गिअर ठेवा आणि परत आल्यावर हँडब्रेकची केबल पुन्हा तपासून घ्या.