पंधरा वर्षांच्या अल्टोची आरटीओ तपासणी : घरी काय दुरुस्त करावे, काय करू नये?

शाहूपुरीकर

नमस्कार. आमच्याकडे २०१० साली कोल्हापुरातच नोंदवलेली पेट्रोल अल्टो आहे. वडिलांनी निवृत्तीच्या पैशांतून घेतलेली ही गाडी जेमतेम ८२ हजार किलोमीटर चालली आहे आणि तिच्या नोंदणीची पंधरा वर्षे पुढच्या महिन्याच्या अखेरीस पूर्ण होत आहेत. वडील आता गाडी चालवत नाहीत, पण ती भंगारात जावी असे आम्हा कोणालाच वाटत नाही, म्हणून पुनर्नोंदणीच्या तपासणीपूर्वी जमेल तेवढी दुरुस्ती अंगणातच करायचे मी ठरवले आहे. पाने, जॅक आणि थोडाफार सराव माझ्याकडे आहे.

अडचणी अशा आहेत. पीयूसी चाचणीत सीओचे (कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचे) प्रमाण १.१ टक्के आले आणि प्रमाणपत्र मिळाले नाही. हँडब्रेक शेवटपर्यंत ओढला तरी गाडी उतारावर हळूहळू सरकते. चालकाच्या पायाखालचा पत्रा गंजून रुपयाएवढे भोक पडले आहे. २०१९ च्या महापुरात गाडी दोन दिवस पाण्यात उभी होती, तेव्हापासूनच बहुधा हा गंज वाढत गेला असावा. त्याहून मोठी काळजी म्हणजे शासी नंबरवरही (गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेल्या ओळख क्रमांकावरही) गंज चढला असून शेवटचे दोन अंक नीट वाचता येत नाहीत. तो भाग पॉलिश पेपरने घासून साफ करावा का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उद्यमनगरचा पाना

ताई, सर्वांत आधी शासी नंबरविषयी सांगतो, कारण बाकी सर्व चुका सुधारता येतात, ही येत नाही. त्या जागेवर पॉलिश पेपर, तारेचा ब्रश किंवा ग्राइंडर अजिबात लावू नका. पत्र्यात ठोकलेले अंक फारसे खोल नसतात, आणि गंजाने आधीच पातळ झालेला पत्रा घासला तर गंजासोबत अंकही निघून जातात. फडके रॉकेलमध्ये भिजवून त्या जागेवर रात्रभर ठेवावे, सकाळी जुन्या टूथब्रशने हलक्या हाताने साफ करावे, आणि गरज पडली तर असे तीन-चार दिवस सलग करावे. मग पातळ कागद ठेवून त्यावर पेन्सिल आडवी फिरवली की अंक उमटतात. तपासणीच्या वेळीही नंबरचा ठसा असाच घेतला जातो. एवढे करूनही अंक उमटले नाहीत, तर कोणी कितीही आग्रह केला तरी ते बाहेर पंच करून घेऊ नका, कारण परवानगीशिवाय ठोकलेला नंबर पाहिला की गाडीच्या मालकीविषयीच संशय येतो. तसा अर्ज आरटीओकडे करून रीतसर परवानगीनेच नंबर पुन्हा ठोकून घ्यावा लागतो. नंबर स्वच्छ झाल्यावर त्यावर ग्रीसचा पातळ हात फिरवून ठेवा.

आता पीयूसी. आपली गाडी बीएस-३ (भारत स्टेज ३) या प्रदूषण मानकाची असेल तर पेट्रोल चारचाकीसाठी सीओची मर्यादा ०.५ टक्के आणि एचसीची (न जळलेल्या इंधनाची) ७५० पीपीएम (दहा लाखांत ७५० भाग) आहे. आरसीवर मानक पाहून घ्या, कारण बीएस-४ ला हीच मर्यादा ०.३ टक्के आणि २०० पीपीएम इतकी कडक आहे. सीओ वाढणे म्हणजे इंजिनात हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जात आहे. तिन्ही स्पार्क प्लग काढून पाहा: टोकावर कोरडी काळी काजळी असेल तर हेच कारण समजावे. एअर फिल्टर चोंदला असेल तर तो आणि प्लग दोन्ही बदला. हे काम घरी अर्ध्या तासात होते. त्याने फरक पडला नाही तर धुरातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सर तपासून घ्या, पण त्याआधी सायलेन्सरचा इंजिनाकडचा जोड पाहा. तिथे भेग पडली असेल तर बाहेरची हवा आत शिरते, सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो आणि इंजिन गरज नसताना जादा पेट्रोल सोडू लागते. अशा गाडीत लोक सेन्सरवर हजारो रुपये घालवतात आणि दोष जोडातल्या गॅस्केटमध्ये (सीलमध्ये) असतो. चाचणीला जाताना गाडी किमान पंधरा-वीस मिनिटे चालवून न्या, कारण धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापल्याशिवाय काम करत नाही. गल्लीतूनच उठून थंड इंजिनाने चाचणी दिली असेल, तर आलेल्या आकड्यावर लगेच विश्वास ठेवू नका.

हँडब्रेकची केबल ताणण्यापूर्वी मागच्या चाकांचे ब्रेक ड्रम उघडून पाहा. ब्रेक शू (ड्रमला आतून दाबणारे पट्टे) झिजलेले असतील किंवा ते शू ढकलणारे व्हील सिलिंडर गळून त्यांवर ब्रेक ऑइल पसरले असेल, तर केबल कितीही ताणली तरी उपयोग नाही. उलट शू कायम घासत राहतील. तेल प्यायलेले शू धुऊन परत बसवू नका, दोन्ही चाकांचे नवे घ्या. ड्रमला आतून खाच पडली असेल तर उद्यमनगरात कोणत्याही चांगल्या लेथवर तो फिरवून मिळतो.

गोकुळ शिरगाव

वरील उत्तराशी सहमत आहे, फक्त भोकाविषयी माझा अनुभव जोडतो. तीन वर्षांपूर्वी मी माझ्या जुन्या गाडीचे असेच भोक फायबरचा कापड आणि रेझिन लावून बुजवले, वरून अंडरकोटिंग मारले, आणि काम उत्तम झाले असे मानले. निरीक्षकांनी खालून स्क्रू ड्रायव्हरने दाबताच तो तुकडा सुटला आणि गाडी परत आली. त्यांचे बरोबरच होते, कारण तो पत्रा गाडीच्या सांगाड्याचाच भाग आहे आणि फायबरखाली ओल अडकून गंज आणखी वाढला होता. रुपयाएवढे दिसणारे भोक खरवडले की बहुधा तळहाताएवढे निघते.

घरी करण्याचे काम म्हणजे सीट आणि गालिचा काढणे, खालचा ओला फोम फेकून देणे आणि चांगला पत्रा लागेपर्यंत गंज खरवडणे. वेल्डिंग मात्र अंगणात करू नका. गाडीच्या पोटाखालून पेट्रोलची आणि ब्रेकची नळी गेलेली असते, आणि ती बाजूला केल्याशिवाय तिथे ठिणगी पाडणे जिवावर बेतू शकते. सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायू वापरून होणारे) वेल्डिंग करणाऱ्याकडून पत्र्याचा तुकडा लावून घ्या आणि त्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायला सांगा. प्रायमर आणि रंग नंतर घरी लावता येतो.

निवृत्त चालक, कागल

मी तीस वर्षे ट्रक चालवला, म्हणून एक विनंती करतो. गाडीसोबत मिळालेल्या जॅकवर उभ्या केलेल्या गाडीखाली शिरू नका; लोखंडी घोडी लावा आणि जमिनीवरच्या चाकांना दगड द्या. पुढचे चाक उचललेले असतानाच ते वर-खाली धरून हलवा, मग डावी-उजवीकडे हलवा. पहिल्यात खेळ जाणवला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट, दुसऱ्यात जाणवला तर टाय रॉडचे टोक संशयास्पद समजावे. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी नसावी. हेडलाइटला जास्त वॅटचे बल्ब आणि काचांना काळी फिल्म असेल तर आधीच काढा.

कागदांपैकी नमुना २५ चा अर्ज, विमा, पीयूसी आणि पर्यावरण कर एवढे लागेलच. २०२२ च्या एप्रिलमध्ये पंधरा वर्षांवरील मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क ५००० रुपये झाले. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी (उच्च सुरक्षा नंबर) पाटीही हवी, आणि ती मिळायला वेळ लागतो, म्हणून आजच नोंदवा. नूतनीकरण पाच वर्षांसाठी होते.

शाहूपुरीकर

सर्वांचे मनापासून आभार. काल ड्रम उघडला तेव्हा डाव्या चाकाचे व्हील सिलिंडर खरोखरच गळत होते आणि शू तेलाने काळे झाले होते. दोन्ही बाजूंचे नवे शू आणि सिलिंडर लक्ष्मीपुरीतून आणले आहेत. ब्रेकमधली हवा काढताना पेडल दाबायला वडील बसणार आहेत. रॉकेलच्या फडक्याने दुसऱ्या दिवशी शासी नंबरचा एक अंक स्पष्ट झाला, दुसऱ्यासाठी फडके आज रात्री पुन्हा ठेवते. गालिच्याखालचे भोक मात्र खरोखरच तळहाताएवढे निघाले. वेल्डिंग झाल्यावर गाडी जोतिबाच्या चढावर नेऊन हँडब्रेक ओढून पाहीन आणि परतताना, इंजिन गरम असतानाच, पीयूसीला जाईन. जो आकडा येईल तो इथे कळवते.