बागडी: वेगळी भाषा की मारवाडीचीच बोली?

उत्तरायण:
राजस्थानीला घटनेच्या आठव्या अनुसूचीत (मान्यताप्राप्त भाषांच्या यादीत) घ्या, असा एकमुखी ठराव राजस्थान विधानसभेने ऑगस्ट २००३ मध्ये केला. भाषा अजून बाहेरच आहे. पण उद्या ती आत गेलीच, तर श्रीगंगानगर-हनुमानगढ, हरियाणातला सिरसा आणि पंजाबातला अबोहर या पट्ट्यातल्या बागडीचं काय होणार? (डुंगरपूर-बांसवाड्याची वागडी निराळी, घोळ नको.) राजस्थानीतली जोधपुरी वळणाची मारवाडी प्रमाण ठरणार आणि बागडी पोरांच्या बोकांडी हिंदीसोबत आणखी एक 'शुद्ध' भाषा बसणार.

माझ्या मते बागडी स्वतंत्र धरावी. मारवाडीत षष्ठीला रो-रा-री, बागडीत गो-गा-गी: 'राम रो घर' नाही, 'राम गो घर'. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे सूर. उंच, मध्यम आणि खालचा असे तीन सूर बागडीत आहेत आणि त्यांनी शब्दाचा अर्थ बदलतो. शेजारच्या पंजाबीत घोडा, चाबूक आणि कुष्ठरोगी यांचे शब्द कानाला जवळजवळ एकच, 'कोड़ा'. फरक फक्त पट्टीचा. बागडी त्याच जातकुळीची.

वऱ्हाडी ठेचा:
असहमत. एका प्रत्ययावर भाषा वेगळी काढायची तर आमचं 'मले-तुले' घेऊन आम्हीही उद्या वेगळे निघतो!

दोन्हींचा सांगाडा बघा राव. पुल्लिंगी नामं ओकारान्त: छोरो, अनेकवचन छोरा. वर्तमानकाळ 'जाऊं हूं', हिंदीसारखा 'जाता हूं' नाही. ळ शाबूत. आणि आपल्यासारखाच आम्ही-आपण भेद: ऐकणाऱ्याला वगळून 'म्हे', धरून 'आपां'. हिंदीवाले बिचारे दोन्हीकडे 'हम'वर भागवतात. हे सगळं राजस्थानीच आहे. इंग्रज काळात भारतातल्या भाषांचं सर्वेक्षण करणाऱ्या ग्रियर्सननेही १९०८ च्या खंडात बागडी मारवाडीतच घातली.

उत्तरायण:
ग्रियर्सनचं सर्वेक्षण मुख्यतः बायबलमधल्या उधळ्या मुलाच्या गोष्टीच्या भाषांतरांवर उभं आहे. गावोगावच्या अधिकाऱ्यांनी ती लिहवून पाठवली. सूर कागदावर कसा उमटणार? आणि त्याच ग्रियर्सनने डोगरी पंजाबीत टाकली होती. २००३ च्या ९२ व्या घटनादुरुस्तीत डोगरी स्वतंत्र भाषा म्हणून अनुसूचीत आलीच ना?

मुक्ता स.:
तुम्ही दोघं प्रत्यय मोजत बसा, तिकडे भाषा ठरते वेगळ्याच रीतीने. १९८५ च्या राजीव गांधी आणि अकाली नेते लोंगोवाल यांच्या करारात चंडीगड पंजाबला आणि बदल्यात हिंदीभाषक गावं हरियाणाला, असं ठरलं. हरियाणाची नजर पंजाबातल्या अबोहर-फाजिल्कावर होती. १९८६ मध्ये ही गावं ठरवणाऱ्या मॅथ्यू आयोगापुढे प्रश्न आला, त्या भागाला हरियाणाशी जोडणाऱ्या कंदूखेडा या एका गावाचा. तिथे भाषेची गणना झाली, गाव पंजाबीभाषक ठरलं, हरियाणाशी सलगता तुटली आणि सगळा व्यवहार बारगळला. आता बघा, त्या भागातली बागडी घरं या वादात 'हिंदीभाषक' म्हणून धरलेली. जनगणनेतही बागडी हिंदीच्याच पोटात. मोजणाऱ्याच्या कागदावर मुळात दोनच पर्याय असतील, तर तुमच्या तीन सुरांना विचारतो कोण? म्हणून म्हणते, आधी राजस्थानीच्या नावाने का होईना, हिंदीतून बाहेर पडू द्या. भांडण नंतर.

उत्तरायण:
ताई, 'नंतर' कधीच येत नाही. कोकणी 'मराठीची बोली' हे मुकाट्याने मान्य करून बसली असती, तर १९९२ साली अनुसूचीत आली असती का?

वऱ्हाडी ठेचा:
कोकणीमागे गोवा होतं, डोगरीमागे जम्मू. बागडी तीन राज्यांत आणि तिन्हीकडे कडेला. एकटी पडली तर तिची फाइल उचलणार कोण?

बाकी सुरांचा मुद्दा मलाही जड जातोय. पण सूर पंजाबीच्या शेजाराने आले असतील, तर ते वंशाचा पुरावा कसे?

चहाटळ:
मला एवढंच सांगा, मुक्ताताई: सिरशाचा बागडी माणूस हरियाणाचा मतदार. तो 'राजस्थानी'च्या मागणीवर सही का करेल?