जुनी गाडी घरीच धुवावी, वॉशिंग सेंटरला देऊ नये

अंगणातली_८००: माझी मारुती ८००, १९९८ ची, लाल, कार्ब्युरेटरवाली. राहतो रत्नागिरीत. माझं मत ठाम आहे, अशी गाडी वॉशिंग सेंटरला देऊ नये. काचांचं रबर वाळलेलं असतं, प्रेशरचं पाणी तिथून थेट दारात उतरतं. बॉनेट उघडून फवारा मारला की डिस्ट्रिब्युटर कॅपमध्ये (प्लगना करंट वाटणाऱ्या भागाच्या झाकणात) ओल जाते आणि गाडी मिसफायर करते, म्हणजे झटके खाते. कहर म्हणजे खालून डिझेल मारतात! त्याने खालच्या सांध्यांतले रबरी बुश फुगतात, वर धूळ चिकटते. घरी सावलीत दोन बादल्या, कार शॅम्पू आणि मायक्रोफायबर, बस्स. कपड्यांची पावडर मात्र नको, रंगावरचं वॅक्स निघून जातं.

कुडाळ_गॅरेज: अर्धंच पटलं. बादलीने गाडी वरून चकाचक होईल, पण पत्रा खातो तो गंज खालून. चाकांवरच्या कमानीत आतून लाल माती थापली जाते, महिनोन् महिने ओल धरते. ती रॅम्पवर चढवून प्रेशरनेच निघते. पाऊस संपला की एकदा तरी न्याच. ‘डिझेल नको, बॉनेट उघडू नका’ एवढं आधी बजावायचं. घरी नुसत्या जॅकवर गाडी उचलून खाली शिरू नका, जीवावर बेतेल.

अंगणातली_८००: कमानीतली माती चाक पूर्ण वळवून पाइपने भिजवली की हाताने निघते. दारांचं काय? दाराच्या खालच्या कडेला पाणी निघायची भोकं असतात, ती चिखलाने बुजतात. खराट्याचा हीर घालून मोकळी केली की आतून तांबडं पाणी येतं. हे कुठल्या सेंटरवाल्याने केलेलं मी पाहिलेलं नाही.

कुडाळ_गॅरेज: भोकांचं शंभर टक्के मान्य. पुढची चाकं वळतात हो, मागच्यांचं काय करणार?

पुणे_टँकरवाले: आमच्या सोसायटीत पाणी टँकरचं, पाइप लावणं मला पटत नाही. दोन बादल्यांत होतं, पण आधी धूळ पाण्याने उतरवा. कोरड्या धुळीवर फडकं फिरवलं की ओरखडे पडतात. लाल रंग फिका पडला असेल तर रबिंग कंपाउंड (वरचा थर घासून काढणारी पेस्ट) मारा, नव्यासारखा होतो.

कुडाळ_गॅरेज: थांबा! आधी कोपऱ्यात पॉलिश लावून पांढऱ्या फडक्याने पुसून बघा. फडकं लाल झालं तर वर क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) नाही, तुम्ही रंगच काढताय. कडांवर तर रंगाखालचा प्रायमर दिसायला वेळ लागत नाही. हाताने, बारीक पॉलिश, वर वॅक्स. कंपाउंड नकोच.