गाडीच्या एसीचा गॅस घरीच भरावा का? (सोलापुरातल्या तीन भागांतले तिघे बोलतायत)

जुळे सोलापूर: माझं मत, भरावा. गेल्या उन्हाळ्यात एका गॅरेजात दोन हजार मोजले. यंदा पाडव्यालाच एसी गरम वारा फेकायला लागला. गळती गॅरेजवाल्याने शोधलीच नव्हती! तेवढ्या पैशात गॅसचा कॅन, पाइप आणि दाब दाखवणारं गेज घरी येतं. ‘एल’ (म्हणजे ‘लो’, कमी दाबाची बाजू) लिहिलेलं टोपण काढायचं, पाइपाचं जोडटोक म्हणजे कपलर बसवायचा, एसी फुल ठेवून कॅन उभा धरायचा. यात अवघड ते काय?

अक्कलकोट रोड: अण्णा, गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, बंद नळ्यांतच फिरतो. एवढ्या लवकर कमी झाला म्हणजे गळतोय. गळती न शोधता त्याने भरला म्हणून तुम्ही चिडलात, मग घरी तेच करणार?
आणि गेजच्या हिरव्या पट्ट्यावर जाऊ नका. आपल्या ४२ डिग्रीच्या उन्हात दाब तसाही चढलेला असतो. बॉनेटखालच्या लेबलवर ग्रॅमचा आकडा असतो, तो खरा. छोट्या गाड्यांना चारशेच्या आसपास लागतो, कॅन मिळतो ४५० चा.

विजापूर नाका: मी भरतो घरी, आर-१३४ए नावाचा एसीचा गॅस. कॅन किचनच्या काट्यावर ठेवतो, शंभर ग्रॅम गेला की बंद. चष्मा आणि हातमोजे घालूनच, कारण हा गॅस उणे २६ डिग्रीला उकळतो, कातडी गोठवतो. ‘एच’च्या, म्हणजे जास्त दाबाच्या बाजूला कॅन कधीच लावत नाही, तिकडचा दाब उलटा कॅनमध्ये शिरला तर कॅन फुटतो. गावाकडे मशीनवालं गॅरेज नाही, मग माणसाने करायचं काय?

अक्कलकोट रोड: तुमची काळजी खरी आहे. पण काटा सांगतो किती घातला. आत आधी किती होता, ते? त्यासाठी सगळा गॅस मशीनने काढून, व्हॅक्यूम मारून (आतली हवा आणि ओल ओढून) मोजूनच भरावा लागतो.
माझंच सांगतो. गाडी टॉवेलच्या कारखान्याशेजारी लागते. मे महिन्यात थंडावा गेला, कॅन आणायला निघालोच होतो. बंपरच्या जाळीतून टॉर्च मारली तर कंडेन्सरवर (गॅसची उष्णता बाहेर टाकणारी पुढची जाळी) कापसाच्या तंतूंचा थर, नखाने सोलला तर घोंगडीसारखा निघाला. पाइपाच्या हलक्या पाण्याने धुतला आणि एसी गार झाला. त्या अवस्थेत गॅस कोंबला असता तर गॅस दाबणारा कॉम्प्रेसरच जाऊ शकला असता.

जुळे सोलापूर: कंडेन्सर उद्या ऊन चढायच्या आत धुतो. नळ्यांच्या जोडांवर गळतीची खूण म्हणून तेलकट डाग दिसतो का तेही बघतो, दिसला तर कॅन आणणार नाही. पण दोन हजार घेऊन गळती न शोधणाऱ्याकडे पावती घेऊन जाणारच.