एमएसएनची सुरुवात कोणत्या विषयाने करावी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. अमेरिकेत नोकरी सांभाळून नर्स प्रॅक्टिशनरचं (रुग्ण तपासून औषधं लिहून देणारी नर्स) एमएसएन, म्हणजे नर्सिंगमधली मास्टर्स पदवी, करायचं आहे, तेही बीएसएननंतर (नर्सिंगची बॅचलर पदवी) १२ वर्षांनी. पहिल्या सत्रात ३ क्रेडिटचा एकच विषय घेणार. नर्सिंग थिअरी, संख्याशास्त्र की ॲडव्हान्स्ड पॅथोफिजिऑलॉजी (थोडक्यात पॅथो; आजारात शरीराचं काम कसं बिघडतं याचा अभ्यास)?

१ क्रेडिटला आठवड्याला १ तास वर्ग आणि २ तास अभ्यास धरला, तर १५ आठवडे ९-९ तास लागतात. तोच विषय ८ आठवड्यांत कोंबला की १७ तास. १२ तासांच्या तीन ड्यूट्यांसोबत ते झेपणं कठीण, त्यामुळे तो पर्याय बाद.

फार्माकॉलॉजी (औषधशास्त्र) आधी नकोच. हार्ट फेल्युअरमध्ये रेनिन-अँजिओटेन्सिन साखळी (रक्तदाब आणि क्षार-पाणी सांभाळणारी हार्मोन्सची यंत्रणा) कशी चालते हे पक्कं नसेल, तर लिसिनोप्रिल हे औषध का देतात आणि त्याने पोटॅशियम का वाढतं, याची नुसती घोकंपट्टी होते. म्हणून पॅथो आधी, हे पटतं. पण बऱ्याच ठिकाणी 'बी' ग्रेडच्या खाली गेलं की विषय पुन्हा घ्यावा लागतो. थिअरीत निदान एपीए पद्धतीच्या (संदर्भ देण्याची ठरावीक शैली) लिखाणावर हात बसेल.

ज्यांनी मोठ्या खंडानंतर थेट पॅथो घेतलं, त्यांनी आधी पेशी आणि आम्ल-अल्क संतुलनाची उजळणी किती आठवडे केली? आणि पॅथो-फार्मामध्ये एका सत्राचं अंतर पडलं तर विसरायला होतं का?