1971 प्लिमथ हेमी कुडा कन्व्हर्टिबल: खरी कशी ओळखायची?

गिअरबॉक्स
426 हेमी (426 घन इंचांचं, अर्धगोल ज्वलनकक्षांचं इंजिन) बसवलेल्या 1971 च्या कुडा (बॅराकुडाची दमदार आवृत्ती) कन्व्हर्टिबल किती बनल्या, यावर कुठे 11 तर कुठे 12 असा आकडा मिळतो. फोटोत मात्र तशा दिसणाऱ्या गाड्या ढिगाने आहेत. साध्या बॅराकुडात हेमी चढवली की बाहेरून ओळखणं कठीण. मग कोणत्या खुणा तपासायच्या, आणि कोणत्या क्रमाने? शिवाय इतक्या कमी बनल्याच का?

जुनं_लोखंड
सुरुवात व्हीआयएनपासून, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकापासून करा. खऱ्या गाडीचा नंबर बीएस27आर1बी असा सुरू होतो. बी म्हणजे बॅराकुडा घराणं, एस म्हणजे कुडा, 27 म्हणजे कन्व्हर्टिबल, आर म्हणजे 426 हेमी, 1 म्हणजे 1971 आणि शेवटचा बी म्हणजे मिशिगनमधला हॅमट्रॅम्क कारखाना. दुसरं अक्षर एच असेल तर ती साधी बॅराकुडा. पाचव्या जागी जी असेल तर 318, एच असेल तर 340, एन असेल तर 383, व्ही असेल तर तीन कार्ब्युरेटरवाली 440. आर नसेल तर बोनेटखाली काहीही असो, ती हेमी गाडी म्हणून कारखान्यातून निघालेली नाही.

कमी का बनल्या? 1971 मध्ये सगळ्या इंजिनांच्या मिळून कुडा कन्व्हर्टिबल 374 निघाल्या, म्हणजे मुळात गिऱ्हाईकच थोडं. त्यावर हेमीचे साधारण 884 डॉलर वेगळे, आणि विम्याचा हप्ता तरुण मालकाला न परवडणारा. ज्याला शर्यतच लावायची तो हार्डटॉप (पक्क्या टपाची) घेई, कारण ती हलकी आणि कडक. त्या वर्षानंतर हेमीही गेली आणि बॅराकुडाची कन्व्हर्टिबलही. म्हणून 2014 मध्ये सिऍटलच्या लिलावात चार गिअरवाल्या एका गाडीवर 35 लाख डॉलरची बोली लागली.

टॅपेट_कव्हर
वरचं बरोबर आहे, पण डॅशवरच्या व्हीआयएनच्या पट्टीवर थांबू नका. पट्टी दोन रिव्हेटांनी बसलेली असते आणि मूळ रिव्हेटांची डोकी फुलाच्या पाकळ्यांसारखी असतात. साधे गोल रिव्हेट दिसले की पट्टी कधीतरी निघालेली आहे असं धरा.

मग पंच केलेले आकडे जुळवा. वर्ष, कारखाना आणि शेवटचे सहा अंक रेडिएटरच्या वरच्या पट्टीवर, काउलवर (समोरच्या काचेखालचा पत्रा), गिअरबॉक्सवर आणि इंजिन ब्लॉकच्या उजव्या अंगाला ऑइल पॅनच्या कडेवर असतात. चारही ठिकाणी तेच यायला हवेत. आकड्यांभोवती ग्राइंडरच्या रेघा किंवा वेल्डिंगचा उंचवटा दिसला तर तिथेच थांबा. दुसऱ्या गाडीतून कापून जोडलेला तुकडा मागच्या बाजूने हात फिरवला की कळतो, कारण रंग पुढून चोपडा करतात, मागून करत नाहीत.

फेंडर टॅग (बोनेटखालची, गाडीच्या कोडांची पत्र्याची पट्टी) खालून वर वाचायची. सगळ्यात खालच्या ओळीत आधी इंजिनाचा कोड, हेमीसाठी ई74. नंतर गिअरबॉक्स: चार गिअरला डी21, ऑटोमॅटिकला डी32. टॅग नवी छापून मिळते, म्हणून तिला एकटीला पुरावा मानू नका. कारखान्यातला ब्रॉडकास्ट शीट (जोडणीसाठी छापलेला, गाडीच्या भागांच्या कोडांचा कागद) जास्त मोलाचा. तो मागच्या सीटच्या स्प्रिंगांत किंवा कार्पेटखाली अडकलेला सापडतो.

यंत्राचा मेळही बघा. चार गिअरवाल्या हेमीला मागे डाना 60 हा भक्कम ऍक्सल हवा, क्राऊन गिअर 9.75 इंची, शाफ्टला 35 स्प्लाइन (खाचा). इंजिनाखालची क्रॉस मेंबर (इंजिन पेलणारी आडवी चौकट) हेमीची खास असते, 318 वाली चालत नाही.

गिअरबॉक्स
रेडिएटरची पट्टी बदललेली असेल तर गाडी बाद धरायची का? आणि इंजिन चालवताना काय सांभाळायचं?

टॅपेट_कव्हर
बाद नाही. पुढून ठोकलेल्या गाडीची ती पट्टी आधी बदलली जाते. काउल, ब्लॉक आणि गिअरबॉक्स जुळले तर किंमत उतरते, पण ओळख टिकते. काउलच नवा असेल तर मात्र माझ्या मते ती गाडी सोडून द्यावी.

अश्वशक्ती
इंजिनाबद्दल. 1970 पासून स्ट्रीट हेमीला (रस्त्यावरच्या गाड्यांसाठीच्या हेमीला) हायड्रॉलिक टॅपेट (कॅमची हालचाल व्हॉल्व्हकडे नेणारे भाग) आले, त्याआधीच्या माहितीपुस्तिकेतला व्हॉल्व्ह गॅप इथे लावू नका. कॅम सपाट टॅपेटचा आहे. आजच्या साध्या तेलात झिंक कमी असल्याने लोब (कॅमचे उंचवटे) घासतात, म्हणून जुन्या इंजिनांसाठीचं जास्त झिंकचं तेल घ्या. नवा कॅम बसवला तर पहिल्यांदा सुरू केल्याबरोबर सुमारे 2000 आरपीएमवर 20 मिनिटं ठेवायचं, आयडलवर अजिबात सोडायचं नाही. आयडलला कॅमवर तेल पुरेसं उडत नाही आणि लोब तिथेच गोल होतात.

कॉम्प्रेशन 10.25 आहे. चढावर नॉकिंग (इंजिनात ठकठक) आलं तर आधी इग्निशन टायमिंग (ठिणगीची वेळ) मागे घ्या, कार्ब्युरेटरला हात नंतर. दोन कार्टर एएफबी कार्ब्युरेटरांपैकी मागचा आधी उघडतो आणि पुढचा नंतर; दोन्ही एकदम उघडतील अशी लिंकेज केली की कमी वेगाला गाडी अडखळते.

प्लग व्हॉल्व्ह कव्हरच्या मधोमध नळ्यांमध्ये असतात. नळीचं सील कडक झालं की तेल आत साचतं आणि मिसफायर होतं. इग्निशन कॉइल बदलण्याआधी प्लग काढून नळीत तेल आहे का ते बघा. हेड उतरवायचं असेल तर इनटेक मॅनिफोल्ड आधी काढा, कारण हेडचे काही नट आत टॅपेट व्हॅलीत (मॅनिफोल्डखालच्या खोलगट भागात) असतात. ते विसरून हेडला पहार लावली की मोलाचं हेड तडकतं.