अमेरिका १९६७-७०: युद्धविरोधी मोर्चे, दंगली, निवडणूक यांचं जुनं फुटेज कुठून घ्यावं आणि कसं तपासावं?

तापीकाठ_चोपडा

राम राम मंडळी. टी.वाय. इतिहासाच्या मुलांसाठी चाळीस मिनिटांचा कार्यक्रम बसवू राहिलो. विषय व्हिएतनाम युद्धाच्या काळातलं अमेरिकेचं घरचं राजकारण. जुलै १९६७ ची डेट्रॉइटची दंगल, त्याच ऑक्टोबरातला पेंटॅगॉनवरचा मोर्चा, राष्ट्राध्यक्ष जॉन्सनची निवडणुकीतून माघार, १९६८ चं शिकागोतलं डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन, मग केंट स्टेट विद्यापीठातला गोळीबार. निवेदन मराठीत, मधेमधे अहिराणी. अडलंय ते असं:

१. यूट्यूबवरच्या क्लिपांवर चॅनेलवाल्यांचे शिक्के. हक्काची कटकट नसलेली मूळ प्रत कुठे मिळेल?

२. उतरवलेल्या काही फाइलींत माणूस हलला की कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा येतात, आणि कॅमेरा फिरताना चित्र अडखळतं.

३. एका क्लिपचं नाव ‘शिकागो अधिवेशन १९६८, युनिव्हर्सल न्यूजरील’. भरवसा ठेवावा का?

४. कॉलेजच्या स्टोअरात १६ मिमीचे दोन डबे आहेत, वर ‘यूसिस’ची (अमेरिकेच्या माहिती सेवेची) चिठ्ठी. प्रोजेक्टर चालू स्थितीत आहे. लावून बघू का?

न्यूजरील_भुसावळ

तिसऱ्याचं आधी सांगतो. नाव चुकीचं आहे. युनिव्हर्सल न्यूजरील, म्हणजे थिएटरात दाखवायची बातम्यांची फिल्म, डिसेंबर १९६७ मध्येच बंद झालं, त्यामुळे ऑगस्ट १९६८ चं शिकागो त्यात असणं शक्य नाही. डेट्रॉइट आणि पेंटॅगॉन मात्र त्याच्या कक्षेत येतात.

आता मूळ प्रत. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ऑनलाइन सूचीत शोधा. चित्रफितींचा साठा मेरीलँडमधल्या कॉलेज पार्कला आहे. युनिव्हर्सलने आपला १९२९ ते १९६७ चा साठा हक्कांसह तिथेच दिला. शोधताना घटनेच्या नावापेक्षा रेकॉर्ड ग्रुपच्या (कोणत्या सरकारी खात्याचा साठा ते सांगणाऱ्या) नंबरवर भिस्त ठेवा: १११ म्हणजे लष्कराचा सिग्नल कोअर, ४२८ नौदल, ३०६ म्हणजे यूसिया, अमेरिकेची सरकारी माहिती संस्था. केंद्र सरकारच्या नोकरांनी कामाचा भाग म्हणून चित्रित केलेल्या गोष्टीवर तिथे कॉपीराइट नसतो. जॉन्सनसाठी ऑस्टिनच्या त्यांच्या ग्रंथालयाचा साठा बघा. व्हाइट हाउसमध्ये नौदलाचं छायाचित्रण पथक रंगीत १६ मिमीवर चित्रण करत असे, तेही सरकारीच. ३१ मार्च १९६८ च्या ज्या भाषणात त्यांनी ‘पुन्हा उभा राहणार नाही’ म्हटलं, ते तिथूनच घ्या.

प्रत्येक नोंदीत ‘यूज रिस्ट्रिक्शन’ हा रकाना असतो. ‘अनरिस्ट्रिक्टेड’ असेल तरच फाइल उतरवा. ‘पॉसिब्ली’ किंवा ‘अनडिटरमाइंड’ दिसलं तर सोडून द्या, कारण सरकारी डब्यातही कधी खासगी चॅनेलचा तुकडा चिकटवलेला असतो. नोंदीचा ओळख क्रमांक फाइलच्या नावातच लिहून ठेवा. उद्या यूट्यूबवर खोटा दावा आला तर उत्तर देताना हाच क्रमांक लागतो. पार्श्वसंगीतावर वेगळा दावा येऊ शकतो, म्हणून संगीताचा ट्रॅक काढलेला बरा, तुमचं निवेदन आहेच.

टीव्ही नेटवर्कांचं फुटेज त्यांच्याच मालकीचं. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये कॉलेजने आपल्याच विद्यार्थी-शिक्षक-पालकांपुरतं दाखवण्याला सूट आहे. हाच कार्यक्रम गावच्या नाट्यगृहात सगळ्यांना खुला केला की ती सूट संपली.

फ्रेमगणती

दोन नंबरचं दुखणं सोपं आहे, पण लोक त्यावर चुकीचं औषध लावतात. फिल्म सेकंदाला २४ फ्रेमची, अमेरिकन व्हिडिओ २९.९७ चा. चार फ्रेमच्या पाच करायला एक फ्रेम दोन फील्डांवर, पुढची तीन फील्डांवर अशी पसरवतात (फील्ड म्हणजे व्हिडिओ फ्रेमच्या एकाआड एक रेघांचा अर्धा भाग). म्हणून एकेक फ्रेम पुढे सरकवून पाहिलं तर तीन स्वच्छ, दोन रेघांच्या, परत तीन स्वच्छ असा ठेका दिसतो. हा ठेका दिसला तर साधं ‘डीइंटरलेस’ (दोन फील्ड मिसळून रेघा घालवणं) करू नका. त्याने रेघा जातात, पण अडखळणं राहतं आणि बारकावा घटतो. एफएफएमपेग या व्हिडिओच्या मोफत प्रोग्राममध्ये आधी ‘फील्डमॅच’, मग ‘डेसिमेट’ लावा. फाइल २३.९७६ वर येईल. निम्म्यात ठेका बदलत असेल तर तिथे मूळ रिळाला सांधा आहे. अशा वेळी त्या जागी फाइल तोडून दोन भाग वेगळे चालवा.

पुढची चूक म्हणजे टाइमलाइन २५ ची ठेवून वेग वाढवणं. त्याने आवाज सुमारे ४.३ टक्के पळतो, जॉन्सनसारखा संथ टेक्सासी बोलणारा माणूस घाईत असल्यासारखा वाटतो. लॅपटॉपवरूनच दाखवायचं आहे, तर टाइमलाइन २३.९७६ ची ठेवा. चित्र ४:३ मध्येच ठेवा, दोन्ही बाजूंना काळी पट्टी आली तर येऊ द्या. ताणलं की पोलिसांचे हेल्मेट भरताच्या वांग्यासारखे दिसतात.

आवाजाबद्दल एक. त्या काळी टीव्हीची बातमी १६ मिमी रिव्हर्सल फिल्मवर (निगेटिव्हशिवाय थेट चित्र देणाऱ्या), कडेला चुंबकीय पट्टी. आवाज चित्राच्या २८ फ्रेम पुढे असतो, म्हणजे सव्वा सेकंदाच्या थोडं आत. जुन्या सांध्यावर तोंड हलतं आणि आवाज आधीच्याच माणसाचा येतो तो यामुळे. ते ‘दुरुस्त’ करायला ट्रॅक सरकवाल तर पुढचं सगळं बिघडेल. आणि न्यूजरीलमधला गर्दीचा गलका बहुधा स्टुडिओत नंतर भरलेला असतो, हे मुलांना सांगाच.

सातपुडा_रीळ

सर, डबे प्रोजेक्टरवर मुळीच चढवू नका. आधी हे करा.

झाकण उघडून वास घ्या. व्हिनेगरचा आंबट वास म्हणजे ॲसिटेट (फिल्मचं मूळ प्लास्टिक) कुजायला लागलंय. आपल्याकडे पत्र्याखालच्या स्टोअरात मे महिना काढलेल्या फिल्मचं हे नेहमीचं. वासाचा डबा बाकीच्यांपासून लांब ठेवा, कारण त्याची वाफ शेजारच्यालाही लागते. प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका. मग गुंडाळी कडेने दिव्यासमोर धरा: उजेड झिरपला तर पॉलिएस्टर, मिट्ट दिसली तर ॲसिटेट. १६ मिमी असल्याने नायट्रेटची (चटकन पेट घेणाऱ्या जुन्या फिल्मची) धास्ती नको.

आता आकुंचन. सुरुवातीचा कोरा भाग स्वच्छ टेबलावर सपाट ठेवा, ताणू नका, स्टीलची मोजपट्टी लावा. प्रिंटवर दोन भोकांमधलं अंतर ७.६२ मिमी, म्हणून पहिल्या भोकाच्या कडेपासून १०१ व्या भोकाच्या त्याच कडेपर्यंत ७६२ मिमी भरलं पाहिजे. ७५४ च्या आसपास आलं म्हणजे एक टक्का आकसली. तिला प्रोजेक्टरचे दात भोकं फाडत नेतील. अशी फिल्म दात नसलेल्या स्कॅनरवरच द्यायची. त्यासाठी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला पत्र टाका. पत्रात लांबी, वास, हे माप आणि कडेवरची अक्षरं लिहा.

कडेवर कोडॅकची खूण असेल: गोल, चौकोन, त्रिकोण, अधिकचं चिन्ह. ती कच्च्या फिल्मच्या निर्मितीचं साल सांगते, चित्रणाचं नाही, आणि वीस वर्षांनी तीच खूण परत येते. १९५० आणि १९७० सारखेच दिसतात. लांबीचा हिशेब: ४०० फूट म्हणजे ११ मिनिटं ६ सेकंद. रंग लालसर झाला असेल तर घाबरू नका, त्या काळच्या ईस्टमन प्रिंटमधला निळसर रंग आधी उडतो. स्कॅननंतर थोडा सावरता येतो.

तापीकाठ_चोपडा

मोजलं. एका डब्याला वास नाही, माप ७५९. दुसऱ्याला चांगलाच वास, ७५२. दुसरा बाजूला काढला. शिकागोची खरी क्लिप ओळखायची कशी, तेवढं सांगा.

न्यूजरील_भुसावळ

कपडे आणि जागा बघा. शिकागोत ऑगस्टची गरमी, पोलिस अर्ध्या बाह्यांच्या फिक्या निळ्या शर्टात, हेल्मेटही आकाशी. मागे मिशिगन ॲव्हेन्यू आणि कॉनरॅड हिल्टन हॉटेल. जीपच्या पुढे काटेरी तारेची चौकट लावलेले नॅशनल गार्ड (राज्याचं राखीव सैन्य) दिसले तर जवळपास खात्री. पेंटॅगॉनच्या क्लिपेत ऑक्टोबरची जाकिटं, पांढऱ्या हेल्मेटचे मार्शल, लष्करी पोलिसांच्या हेल्मेटवर ‘एमपी’. डेट्रॉइटमध्ये जळती दुकानं आणि ८२ व १०१ व्या एअरबोर्नचे सैनिक. ती निषेध मोर्चाची गोष्टच नाही, मूळ वंशभेदात. तिला युद्धविरोधी म्हणून खपवू नका. नंबरप्लेटवर राज्य आणि बहुधा सालही वाचता येतं. अक्षरं उलटी दिसली तर स्कॅनच आरशातला.

शिकागोचा एक चकवा. २८ ऑगस्टच्या रात्री आठच्या सुमारास हिल्टनसमोर मारहाण झाली. विजेच्या कामगारांच्या संपामुळे तिथून थेट प्रक्षेपण नव्हतं. टेप-फिल्म नेऊन तासाभराहून जास्त उशिराने दाखवली, काही मैलांवरच्या सभागृहात उपराष्ट्राध्यक्ष हंफ्री यांच्या उमेदवारीचं कामकाज चालू असताना. म्हणून प्रसारणात दोन्ही एकाच वेळी घडल्यासारखं वाटतं. निवेदनात घड्याळाची वेळ सांगा. नंतरच्या चौकशी अहवालाने याला ‘पोलिसांची दंगल’ म्हटलं. त्यांनी १८० तासांची फिल्म तपासली होती.

फ्रेमगणती

केंट स्टेटचं राहिलं. ४ मे १९७०, विद्यार्थ्यांवर नॅशनल गार्डचा गोळीबार: १३ सेकंद, ६७ गोळ्या, चार ठार, नऊ जखमी. गोळीबाराचं चांगलं चित्र शोधत बसू नका. एका विद्यार्थ्याने वसतिगृहाच्या खिडकीशी ठेवलेल्या टेपरेकॉर्डरवर तो आवाज आहे. काळ्या पडद्यावर तो तेरा सेकंद वाजवा, वर निवेदन नको.

सातपुडा_रीळ

७५९ म्हणजे अर्ध्या टक्क्याच्या आत. तरी आधी हाताने रिवाइंड करून सांधे तपासा, सुटलेला सांधा टेपने जोडा, मगच लावा. आणि भो, यूसिस म्हणजे यूसियाचंच परदेशातलं नाव. त्या फिल्म अमेरिकेत दाखवायला तेव्हा कायद्याने मनाई होती, त्या आपल्यासारख्यांसाठीच बनवलेल्या. डब्यात मोर्चा निघालाच तर कॅमेरा कोणत्या बाजूला उभा आहे ते आधी बघा.